सव्वा एकची भूक

फोन थरथरला तेव्हा तिच्या उजव्या हातात कापायची मशीन होती आणि मशीनच्या पात्याखाली गडद निळ्या कापडाचे साठ थर. साठ थर म्हणजे शाळेच्या गणवेशाच्या साठ पाठी, एका दमात उतरवायच्या. मध्येच हात थांबला तर कडेला दात पडतो, म्हणून तिनं फोनकडे लक्ष दिलं नाही. बगलेचं वळण आलं. डाव्या हातातल्या पोलादी जाळीच्या मोज्यानं तिनं थप्पी दाबून धरली, मशीन जरा तिरकी केली आणि वळण अलगद काढलं. फोन पुन्हा थरथरला, मग पुन्हा, मग खिशात माशी अडकावी तसा थांबेचना. कुणीतरी गेलं, असं तिच्या मनात आलं. एवढे लागोपाठ निरोप माणूस गेल्यावर येतात नाहीतर जन्मल्यावर, आणि घरात जन्मायचं सध्या कुणी नव्हतं. तिनं शेवटची कड कापून पुरी केली, मशीन बंद केली, मोजा काढला आणि मग पाहिलं. कुणी गेलं नव्हतं. घरच्या मंडळींच्या गटावर एक फोटो होता आणि फोटोत ती होती.

अंधारं स्वयंपाकघर, उघडा फ्रिज, आणि फ्रिजच्या पांढऱ्या उजेडात एक जाड बाई, पाठमोरी, अर्धवट वळलेली. झोपायचा गाऊन पाठीवर ताणलेला. खांद्याजवळची शिवण दोन बोटं उसवली होती, हे तिला, सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या शिवणी बघणाऱ्या बाईला, आत्ता फोटोत कळलं. एक गाल फुगलेला. हातात अर्धा बटाटा. खाली नवऱ्यानं लिहिलं होतं, 'रात्री सव्वा एक. पथ्य जोरात चालू आहे.' त्याखाली भावाचं, 'ताई, रंगेहाथ.' भावजयीचे हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले चार पिवळे चेहरे. दुसऱ्या गावी नोकरी करणाऱ्या लेकीचं, 'आई, असं नको ना करूस. गुडघ्याचं काय?' पुन्हा भावाचं, 'भाऊजी, फ्रिजला कुलूप लावा.' आणि त्यावर नवऱ्याचा उंचावलेला अंगठा.

तिचे कान तापले. मानेवरून काहीतरी गरम खाली उतरत गेलं, आणि पहिली जी भावना आली ती रागाची नव्हती, याचाच तिला नंतर दिवसभर राग येत राहिला. पहिल्यांदा तिनं इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघत नाही ना म्हणून. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. मांजराला निदान दुधाची चव तरी लागत असेल. खाई त्याला खवखवे, असं आई म्हणायची, आणि पन्नाशी उलटलेल्या आपल्या घशात ते तसंच खवखवतंय, बटाटा रात्रीच पोटात जाऊनसुद्धा. तिनं फोटो बोटांनी मोठा केला. आधी पाठ मोठी झाली, मग तो सरकवून तिनं चेहरा आणला. चेहऱ्याचा थोडाच भाग दिसत होता, पापणी, गाल, ओठांचा कोपरा. ती बराच वेळ बघत राहिली. हा चेहरा तिनं कधी पाहिला नव्हता. आरशात दिसतो तो चेहरा केस ठीक करणाऱ्या बाईचा असतो, लग्नकार्यातल्या फोटोंत दिसतो तो पोट आत घेतलेल्या बाईचा. या बाईनं काहीच आत घेतलेलं नव्हतं. तिचे डोळे जवळजवळ मिटलेले होते. कुणीतरी तिला काहीतरी फार चांगलं सांगत असावं आणि ती ऐकत असावी, तशी ती उभी होती. चोरासारखी तर ती मुळीच दिसत नव्हती. चोर फोटोच्या अलीकडे उभा होता.

"काय गं, कोण गेलं?" इस्त्रीवालीनं विचारलं. पलीकडच्या टेबलावर ती कॉलर दाबत होती, बारा वर्षांची सोबतीण, जिभेला हाड नसलेली. कारखान्यात सगळे जिला कटरबाई म्हणत, तिनं उत्तर न देता फोन इस्त्रीवालीपुढे धरला. इस्त्रीवालीनं इस्त्री उभी केली, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि फोटो असा बघितला जसा ती कॉलर बघते, सुरकुती शोधत.

"काय खात होतीस?"

"बटाटा."

"उकडलेला?"

"हो."

"मीठ लावून?"

"मीठ आणि मिरपूड."

"मग ठीक आहे," इस्त्रीवाली म्हणाली आणि पुन्हा इस्त्री उचलली. "नुसता बटाटा घशाखाली उतरत नाही."

सबंध दिवसात काय खात होतीस असं विचारणारी ती एकटी निघाली.

पुढच्या थप्पीवर खडूनं खुणा करताना तिच्या डोक्यात तो अंगठा राहून राहून येत होता. कुलपाला दाखवलेला अंगठा. नवरा वाईट माणूस नव्हता. पाणीपुरवठा खात्यात बत्तीस वर्षं मीटर वाचण्यात गेलेली, लोकांच्या जिन्याखाली वाकून, विजेरी मारून, कोणी किती वापरलं ते वहीत लिहीत. निवृत्त झाला तरी डोळ्याला सवय राहिली होती. घरात साखरेच्या डब्याची पातळी त्याला न उघडता कळायची. हाडानं किडकिडीत, काहीही खाल्लं तरी अंगाला न लागणारा. दोन पोळ्यांवर तिसरी आग्रहानं घ्यायचा आणि ढेकर देऊन म्हणायचा, वजन हा सगळा मनाचा खेळ आहे. गुडघ्याच्या डॉक्टरांनी जेव्हा तिला सांगितलं, शहाऐंशीचे अठ्ठ्याहत्तर करून या, मग ऑपरेशनची तारीख देतो, तेव्हा नवऱ्यानं ते काम अंगावर घेतलं. तिचं अंग, पण काम त्याच्या अंगावर. वजनकाटा आणला. आहारवाल्या मुलीनं दिलेला कागद फ्रिजच्या दारावर लावला आणि शेजारी दोऱ्यानं पेन्सिल बांधली. रविवारी सकाळी तिला काट्यावर उभं करून तो खाली वाकायचा, आणि बत्तीस वर्षांच्या सवयीनं आकडा मोठ्यानं म्हणायचा, आधी किलो, मग स्वल्पविराम घेतल्यासारखा थांबून ग्रॅम. नऊ आठवड्यांत साडेचार किलो कमी झाले होते. त्याबद्दल गटावर कुणी अंगठा दाखवला नव्हता. उतरलेल्या वजनाचा फोटो निघत नाही.

आणि गुडघा तर तिचाच होता. त्याची काळजी लेकीनं तिला करायला सांगायची गरज नव्हती. नऊ तास उभं राहून दुपारपर्यंत तो ऊन लागलेल्या फळासारखा व्हायचा, टेबलाखाली ठेवलेल्या लाकडी ठोकळ्यावर ती आलटून पालटून पाय ठेवायची, आणि संध्याकाळी पायऱ्या उतरताना कठडा धरून एकेक पायरी आडवी उतरायची. मागच्या महिन्यात मालक टेबलाशी येऊन उभे राहिले होते, फार मऊ आवाजात म्हणाले होते, "बाई, बसून करायचं काही बघू का तुमच्यासाठी? बटणांच्या पिशव्या भरायच्या असतात, हिशोबानं." सव्वीस वर्षं तिच्या हातानं कापड चुकलं नव्हतं. एक घाव दोन तुकडे, अशी तिची ख्याती, आणि आता बटणं. ती म्हणाली होती, "तीन महिने थांबा." म्हणजे वजन उतरायला हवं होतं, आणि ते तिलाच सगळ्यांत जास्त हवं होतं. पण हे कुणाला सांगायला गेलं की ते लगेच तिच्या वतीनं हवं म्हणायला लागत, आणि मग तिच्यासाठी त्यात काही उरत नसे.

त्याच दिवशी तीन वाजता आहारवालीकडे जायचं ठरलेलं होतं. टाळावं असं वाटलं, आणि तसं वाटलं म्हणूनच ती गेली. बसमध्ये खिडकीशी बसून तिनं गटावर लिहायला घेतलं. 'तुम्हा सगळ्यांना' एवढं लिहिलं आणि खोडलं. 'माझा नवरा' लिहिलं, खोडलं. भावाला म्हणावं, लहानपणी माझ्या ताटातलं उचलून खायचास ते रंगेहाथ नव्हतं का. तेही लिहिलं आणि खोडलं, कारण त्याच्याकडे त्याचंही गोड उत्तर असतं. शेवटी तिनं काहीच लिहिलं नाही. गटातून बाहेर पडायचं बटण कुठं असतं ते तिला ठाऊक नव्हतं, दोन थांबे त्यात गेले, मग ते सापडलं आणि तिनं ते दाबलं. फोन विचारत होता, नक्की? नक्की, ती मनात म्हणाली. शेजारच्या माणसानं वळून पाहिलं, म्हणजे बहुतेक मोठ्यानंच म्हणाली असावी.

लगेच लेकीचा फोन आला. "आई, हे काय? गटातून का गेलीस?"

"गर्दी झाली होती."

"अगं, गंमत होती ती. बाबांना काळजी वाटते म्हणून—"

"काळजी पुढून येते," ती म्हणाली. "मागून येत नाही."

 पलीकडून लेकीच्या कचेरीतला आवाज ऐकू येत होता, कुणाचं तरी हसणं, कुठलंसं यंत्र. "तुझा असा फोटो कुणी काढला असता तर?" असं विचारावं असं तिच्या तोंडाशी आलं होतं, पण लेकीला लहानपणापासून स्वतःच्या दंडांची लाज वाटते, पूर्ण बाह्यांचे कपडे घालते बारा महिने, हे तिला ठाऊक होतं. त्या बाह्या तिनंच कापल्या होत्या. ती म्हणाली, "माझा थांबा आला. रात्री जेवून घे नीट." मग आपलंच ते वाक्य तिला ऐकू आलं आणि हसू आलं. कुणाला काय सांगतोय आपण.

आहारवाली मुलगी दिसायला नाजूक होती, आवाजाला मध लावलेली. तिला काकू म्हणायची. पहिल्या भेटीत तिनं मान कलती करून विचारलं होतं, "काकू, रात्री खाताना तुम्ही नक्की कोणतं दुःख खाता?" आणि कटरबाई गोंधळून गेली होती. आदल्या रात्री तिनं ब्रेडचे दोन तुकडे खाल्ले होते, लोणी लावून. पण समोरची मुलगी इतक्या आशेनं बघत होती की रिकाम्या हातानं परत पाठवणं बरं दिसलं नसतं, म्हणून तिनं वडिलांची गोष्ट सांगितली. वडील छापखान्यात रात्रपाळीला होते. दिवसभर झोपलेले असायचे, घरात चवड्यांवर चालायचं. रात्री दीडला परत यायचे, आईनं झाकून ठेवलेलं ताट पुढ्यात ओढायचे, आणि सात वर्षांची ती भांड्याच्या आवाजानं उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसायची. बोलायचे नाहीत. शेवटचा घास करायचे आणि तिच्याकडे न बघता तिच्यापुढे धरायचे. बोटांना शाईचा वास यायचा. मुलीचे डोळे भरून आले होते, तिनं सगळं टकटक टाइप करून घेतलं होतं, 'बस, हेच आहे काकू' असं म्हणाली होती. त्या दिवशी पायऱ्या उतरताना तिला बापाला विकून आल्यासारखं झालं. आणि गंमत म्हणजे ते खरंही नव्हतं. वडील खरे, घास खरा, शाईचा वास तर अजून येतो. पण मधली चाळीसेक वर्षं ती रात्री खात नव्हती. चार वर्षांपूर्वी नवरा निवृत्त झाला तेव्हा घरी तीस माणसं जेवायला होती. सकाळपासून ती उभी. ताट वाढून घेऊन तीनदा बसली आणि तीनदा उठली, कुणाला पाणी, कुणाला आणखी भात, कुणाच्या मुलानं काही सांडलं म्हणून. शेवटी ताट कुणीतरी उचलून घासायला टाकलं. रात्री एक वाजता तिला भुकेनं जाग आली, साधी, पोटातली, कावळ्यांसकट भूक, आणि तिनं मोरीशी उभं राहून पातेल्यातला गार भात हातानं खाल्ला. कुणीही तिला हाक मारली नाही. भात तिला इतका गोड लागला की दुसऱ्या रात्री त्याच वेळी जाग आली. त्यात दुःखाचा कण नव्हता. ही गोष्ट मात्र तिनं आहारवालीला सांगितली नाही. खरी गोष्ट कशाला द्यायची?

आज मुलीचा चेहरा आधीच तयार होता. "काकू, काकांनी मला फोटो पाठवलाय," ती म्हणाली. "मी तुम्हाला जज करत नाहीये हं."

म्हणजे इथंही.  तिनं चप्पल काढली, पिशवी खुर्चीवर ठेवली आणि काट्यावर उभी राहिली. इथला काटा आकडा मोठ्यानं म्हणत नसे. एक्क्याऐंशी आणि चारशे. मुलीनं कागद बघितला, पुन्हा काटा बघितला. "तीन आठवड्यांत सव्वा किलो कमी," ती हळूच म्हणाली, जणू हिशोबात काही गोंधळ आहे. "पण मग फोटो..."

"फोटोचं वजन वेगळं भरत असेल."

मुलगी हसली नाही. "काकू, आठनंतर काही घ्यायचं नाही असं आपलं ठरलं होतं ना? भूक लागली तर कोमट पाणी."

"प्यायले. आठ रात्री प्यायले. कोमट पाणी प्यायलं की भूक आंघोळ करून ताजीतवानी होऊन येते." ती खुर्चीत बसली, गुडघा हातानं सरळ केला. "नवव्या रात्री मी बिस्किटांचा अख्खा पुडा खाल्ला. अंधारात. चव बघितली नाही, मोजलीही नाहीत, कागद चुरगळून केराच्या तळाशी दाबला, वर सालं टाकली. पोट दगड झालं आणि मी मोरीशी रडले. त्याचा फोटो कुणी काढला नाही." मुलीनं टाइप करायला बोटं उचलली तशी ती म्हणाली, "हे लिहू नका. ऐका नुसतं. तेव्हापासून मी संध्याकाळी एक बटाटा उकडून ठेवते. रात्रीच्या जेवणात एक पोळी कमी घेते. सव्वा एकला उठते, बटाटा खाते, झोपते. पाच आठवडे झाले, पुड्याला हात लावलेला नाही. एकदा लावला. दोनदा. पण पाच आठवड्यांत दोनदा."

"पण हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही दुःख विचारलं होतंत. बटाटा विचारला नव्हता."

मुलीनं खाली पाहिलं. तेवढ्यापुरती ती फार लहान दिसली, लेकीपेक्षाही लहान, आणि कटरबाईला तिची दया येणार होती, पण आज तिनं ती येऊ दिली नाही. तिनं समोरचा आहाराचा छापील कागद ओढला, टेबलावरचं पेन घेतलं, आणि 'रात्री ८ नंतर काही नाही' या ओळीखाली, कापडावर खडूनं नाव लिहावं तशा ठाशीव अक्षरात लिहिलं, 'रात्री सव्वा एक. एक बटाटा, मीठ, मिरपूड.'

"काकू, असं लिहिता येत नाही. आमचा फॉरमॅट आहे. शिवाय रात्री एक वाजता म्हणजे..."

"तुमची रात्र आठला सुरू होते. माझा दिवस साडेअकराला संपतो. तुम्ही तुमच्या घड्याळावर माप घेतलंत आणि मला अंगात होत नाही म्हणून अंग कापायला सांगताय." ती उठली. "आणि यांचा नंबर तुमच्या यादीतून काढा."

"ते इमर्जन्सीसाठी असतात."

"बटाटा म्हणजे इमर्जन्सी नव्हे," ती म्हणाली. दाराशी गेल्यावर मात्र वळून तिनं विचारलं, "बटाट्याऐवजी अंडं चालेल का कधी?" मुलगी म्हणाली, "चालेल. बटाट्यापेक्षा बरंच." मग अगदी खालच्या आवाजात, मध नसलेल्या, "मी पण खाते, काकू. रात्री. पंख्याखाली उभी राहून चॉकलेट." कटरबाईनं मान डोलावली. 

घरी पोचली तेव्हा नवरा दिवाणखान्यात वर्तमानपत्राचं शब्दकोडं घेऊन बसला होता. तिनं चप्पल काढली, कठडा नव्हता म्हणून भिंत धरली. "गटातून बाहेर पडलीस," तो म्हणाला. ती हं म्हणाली. "भावाला वाईट वाटलं." ती स्वयंपाकघरात गेली. तिथून तिला दिसत होतं की तो कोड्याकडे बघतोय पण पेन्सिल हलत नाहीये. फ्रिजच्या दारावर तो कागद होता, दोऱ्याला लोंबणारी पेन्सिल होती. तिनं कागद उतरवला, घडी घातली, त्याच्यापुढे आणून ठेवला. "हे तुमच्याकडे ठेवा. माझ्याकडे दुसरा आहे." तो म्हणाला, "गंमत केली गं मी." ती म्हणाली, "माहीत आहे." आणि खरंच तिला माहीत होतं. त्याच्या मनात विष नव्हतं, त्यानं फोटो हसत काढला होता, हसत पाठवला होता. त्यामुळे तर काही सोपं होत नव्हतं. वाईट माणसावर चिडता येतं, चिडून मोकळं होता येतं. या माणसाबरोबर एकतीस वर्षं काढली होती आणि त्याला ती पाठमोरी गमतीदार दिसली होती. जेवणं झाली. ती दोनदा उठली, एकदा त्याच्या ताकासाठी, एकदा तिलाच आठवेना कशासाठी. भांडी घासली, ओटा पुसला. साडेअकराला पाठ टेकली. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता, झोपलेल्या माणसापेक्षा जास्त स्थिर.

जाग आली तेव्हा घड्याळ बघायची गरज नव्हती. एरवी ती अंधारात उठायची, पलंगाची कुरकूर होणारी कड टाळून पाय सोडायची, हात भिंतीवर सरकवत जायची, फ्रिजचं दार उघडताना रबराचा आवाज होऊ नये म्हणून बोट घालून हळूच सोडवायची. पंचावन्न वर्षांची बाई, स्वतःच्या घरात. आज तिनं पलंगाच्या कुरकुरणाऱ्या कडेवरच बूड टेकलं. खोलीतला दिवा लावला नाही, तेवढी माणुसकी ठेवली. पण स्वयंपाकघरातली ट्यूब लावली आणि ती नेहमीप्रमाणे तीनदा फडफडून भगभगीत पेटली. फ्रिज उघडला. उकडलेला बटाटा वाटीत होता. तिनं तो बघितला आणि राहू दिला. तवा काढला, तो शेगडीवर ठेवताना वाजला, वाजू दिला. अंडं फोडलं. तेलात पांढऱ्याच्या कडा चरचरत वर आल्या आणि सगळ्या घराला वास सुटला. चोरून करायच्या गोष्टीला वास नसतो, म्हणून चार वर्षं ती गारच खात आली होती, हे तिला त्या चरचरीत कळलं. तिनं ताटली घेतली, खोलगट नव्हे, पाहुण्यांसाठीची, निळ्या काठाची. ब्रेडचा एक तुकडा तव्यावर उलटसुलट केला. सगळं टेबलावर नेऊन ठेवलं, पाण्याचा पेला भरला, खुर्ची ओढली आणि दुखरा पाय दुसऱ्या खुर्चीवर लांब करून ती बसली. बसून पहिला घास घेतला. तोंड भाजलं. तिला ते आवडलं.

नवरा दारात आला. गंजीफ्रॉक, विजार, हात रिकामे. त्याचे हात रिकामे आहेत हे तिनं बघून घेतलं, आणि तिनं बघून घेतलं हे त्यानं बघितलं.

"फोन आत आहे," तो म्हणाला.

ती खात राहिली.

"मला झोप नसते," तो म्हणाला. "दोन-अडीच वर्षं झाली. तू उठतेस ते मला रोज कळतं. दार उघडतं, मी मोजतो. साठ, सत्तर. कधी दोनशेपर्यंत जातं. मग तू येऊन पडतेस आणि लगेच घोरायला लागतेस. मी जागाच."

"मग उठून यायचं होतं."

"काय म्हणून येऊ?"

 तो तिथंच चौकटीला टेकून उभा होता, ट्यूबच्या उजेडात त्याच्या गळ्याची हाडं दिसत होती. "माझी आई शेवटी दोन वर्षं पलंगावर होती," तो म्हणाला. "पाय गेले. तुला माहीत आहे. तूच केलंस सगळं. तुझे गेले तर मला काहीच करता येत नाही. मी काल तिथं उभा राहिलो आणि मला वाटलं, हिला हाक मारावी. हाक मारायला तोंड उघडलं आणि काय बोलावं ते सुचेना. मग फोटो काढला."

"आणि आहारवालीला पाठवलात."

"हो."

"आणि अंगठा दाखवलात. कुलपाला."

 तिला त्याची भीती दिसली, खरीखुरी. आणि ती दिसली म्हणून आपण आता सगळं विसरून म्हणावं, जाऊ द्या, अशी एक जुनी लाट तिच्या छातीत उठली. एकतीस वर्षं ती लाट उठली की ती तिच्याबरोबर जायची. तिनं ब्रेडचा कोपरा पिवळ्यात बुडवला. "तुम्ही घाबरलात ते मला कळतं," ती म्हणाली. "पण घाबरलात तर घाबरलो म्हणा. माझ्यावर हसून दाखवू नका. हे माझं शेवटचं सांगणं. पाठीमागून पुन्हा काही झालं तर मी नुसती गटातून बाहेर पडून थांबेन असं समजू नका."

तिचा आवाज चढलेला नव्हता. शेजारच्या इमारतीत कुणाचं तरी मूल रडलं आणि थांबलं. तो हळूहळू आत आला, तिचा पाय ज्या खुर्चीवर होता तिच्याकडे त्यानं पाहिलं, आणि ती सोडून तिसरी ओढली. बसला. ताटलीकडे बघायचं नाही असं ठरवून तिच्या मागच्या भिंतीकडे बघत राहिला. एवढ्यात त्याच्या पोटातून, अगदी स्पष्ट, भांडं ओढल्यासारखा आवाज आला.

"भूक लागलीय वाटतं," ती म्हणाली.

"वासानं."

"अंडी आहेत. तवा गरम आहे अजून."

तो वाट बघत राहिला. तीही. त्यानं एवढ्या वर्षांत स्वतःसाठी चहाच्या पलीकडे काही केलेलं नव्हतं, आणि दोघांनाही ते माहीत होतं. तिचा हात आपोआप टेबलाच्या कडेवर गेला, उठायला टेकला जातो तसा. गुडघ्याला आधीच कळलं होतं आणि तो ताठ झाला होता. तिनं हाताकडे पाहिलं. मग तो उचलला आणि पाण्याच्या पेल्याभोवती ठेवला.

तो उठला. फ्रिज उघडला, अंडं घेतलं, शेगडी पेटवायला तीन काड्या लागल्या. अंडं त्यानं तव्याच्या काठावर असं हलकं आपटलं जणू आत कुणी झोपलंय, मग दुसऱ्यांदा जास्तच, आणि निम्मं पांढरं शेगडीवर गेलं. कवचाचा तुकडा तेलात पडला. तो बोटानं काढायला गेला आणि हात झटकला. तिनं ओठ मिटून घेतले. एरवी उचलली जीभ लावली टाळ्याला, पण आज ती जागची हलली नाही. आच कमी करा, असंही ती म्हणाली नाही. करपल्याचा वास आला आणि तो घाईनं मिठाची बरणी घेऊन तव्यावर वाकला, एका डोळ्यानं, सवयीनं, मीटर वाचायला वाकायचा तसा.

"मीठ किती?"

"चवीपुरतं."

तो चिमूट धरून थांबला. "म्हणजे किती?"

तिनं पाण्याचा घोट घेतला. तो तसाच उभा राहिला, चिमटीतून चार कण गळाले, आणि मग त्यानं मान वळवून विचारलं, या घरात कुणी कधी विचारलं नव्हतं ते, "कुणाच्या चवीपुरतं?"

"खाणाऱ्याच्या," ती म्हणाली, आणि आपल्या ताटलीकडे वळली. ते अजून गरम होतं.